जुने ट्रॅक्टर खरंच जास्त दणकट होते का? बी-२७५ ते स्वराज ७२४, जमेच्या आणि पडत्या बाजू

रील स्क्रोल करताना तुम्हालाही असा एखादा व्हिडिओ दिसला असेल. रंग उडालेला, पत्रा चेपलेला जुना ट्रॅक्टर; कुणीतरी स्टार्टर मारतं, काळ्या धुराचा लोट उठतो आणि इंजिन धडधडायला लागतं. खाली कमेंट ठरलेल्या असतात. 'जुनं ते सोनं', 'आता असं लोखंड मिळत नाही', 'नवीन म्हणजे नुसता प्लास्टिकचा डबा'.

रीलपुरतं हे ठीक आहे. पण गावाकडे पाच-सात एकर शेती असलेल्या घरात हाच प्रश्न पैशांचा होतो. नव्या ट्रॅक्टरसाठी कर्ज काढायचं, की कुणाच्या तरी गोठ्यात उभा असलेला जुना ट्रॅक्टर रोखीत घ्यायचा? चुकीचा निर्णय झाला तर ऐन पेरणीत ट्रॅक्टर मेकॅनिककडे पडून राहतो. त्याहून वाईट म्हणजे उतारावर तो चालवणाऱ्याच्या अंगावर उलटू शकतो.

म्हणून भारतात गाजलेल्या काही जुन्या ट्रॅक्टरांची ही तुलना. कोण कशात भारी होता, कोण कुठे कमी पडायचा आणि आज त्यातलं काय उपयोगाचं आहे?

मुंबईकरांनी ट्रॅक्टरबद्दल का वाचावं?

कारण या गोष्टीतलं एक मोठं प्रकरण मुंबईच्या उपनगरात घडलं. मी राहते त्या खारदांड्यात शेती नाही, मासेमारी आहे. पण खार रोडवरून बोरिवलीकडे जाणारी स्लो लोकल पकडली, की आठवं स्टेशन कांदिवली. तिथे पूर्वेला, आकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना आहे. १९६३ मध्ये महिंद्रा, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून 'इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया' स्थापन केली. तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर कांदिवलीत तयार व्हायचा आणि तिथून देशभरातल्या शेतांत जायचा. १९७७ मध्ये ही कंपनी महिंद्रामध्ये विलीन झाली.

दुसरं कारण दांड्याच्या किनाऱ्यावरच दिसतं. मासेमारीच्या बोटींनाही डिझेल इंजिन असतं. ते समुद्रात बंद पडणं परवडत नाही. त्यामुळे बोटीचं इंजिन घेताना कोणती कंपनी, किती ताकद याच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो: याचं सामान कुठे मिळतं आणि ते खोलणारा माणूस जवळ आहे का? जुन्या ट्रॅक्टरच्या बाबतीतही शेवटी याच प्रश्नाशी यावं लागतं.

'जुना ट्रॅक्टर' म्हणजे नेमका कोणता?

स्वातंत्र्यानंतरची पहिली दहा-बारा वर्षं भारतात ट्रॅक्टर बाहेरून यायचे. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला आणि देशात उत्पादन सुरू झालं. पुढच्या पंधरा वर्षांत चेन्नईची टॅफे, कांदिवलीची इंटरनॅशनल, फरिदाबादची एस्कॉर्ट्स, पिंजोरची एचएमटी आणि मोहालीची पंजाब ट्रॅक्टर्स अशी नावं त्यात आली. हरितक्रांतीच्या काळात शेतात उतरलेली ही पिढी. आज 'जुना ट्रॅक्टर' म्हटलं, की बहुतेक वेळा याच पिढीतलं किंवा तिच्यावरून पुढे बेतलेलं मॉडेल समोर असतं.

इंटरनॅशनल बी-२७५: कांदिवलीचा गडी

मूळ डिझाइन ब्रिटनचं. तिथल्या डॉनकास्टरच्या कारखान्यात १९५८ पासून तो बनत होता. चार सिलिंडर, सुमारे ३५ एचपी, आठ पुढचे आणि दोन मागचे गिअर.

जमेची बाजू: गिअर भरपूर असल्यामुळे कामाप्रमाणे वेग निवडता येतो. नांगराला सावकाश, ट्रॉलीला जलद. डिफरन्शियल लॉक हीसुद्धा मोठी सोय. एक चाक चिखलात जागेवर फिरायला लागलं, की लॉक दाबायचं. दोन्ही चाकं एकत्र फिरतात आणि ट्रॅक्टर बाहेर येतो. चार सिलिंडरमुळे इंजिन तुलनेनं कमी थरथरतं.

पडती बाजू: या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी शेजारच्या छोट्या कप्प्यात पेटतं. त्यामुळे थंडीत हीटर प्लग तापवल्याशिवाय ते लवकर चालू होत नाही आणि या पद्धतीत डिझेलही थोडं जास्त लागतं. आजही 'महिंद्रा २७५ डीआय' विकला जातो. त्यातलं 'डीआय' म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. जुन्या २७५ ची नेमकी हीच उणीव नव्यात दूर झाली आहे. नाव तेच असलं तरी दोन्ही इंजिनं एक नाहीत, हे सुटे भाग घेताना लक्षात ठेवा.

मॅसी फर्ग्युसन: हलका, पण डोकं लावून बनवलेला

टॅफेची स्थापना १९६० ची. भारतात गाजलेला मॅसी १०३५ हा ब्रिटनच्या मॅसी ३५ च्या घराण्यातला. तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन, मूळ रचना पर्किन्सची.

याची खरी ताकद इंजिनापेक्षा हायड्रोलिकमध्ये आहे. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसानं अवजार तीन सांध्यांनी ट्रॅक्टरला जोडायची पद्धत रूढ केली. आज जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तीच असते. नांगर कडक जमिनीत अडला, की वरच्या सांध्यावर दाब येतो आणि हायड्रोलिक अवजार आपोआप किंचित वर उचलते. जमीन मऊ झाली की पुन्हा खाली. याला ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. नांगराचं वजन आणि ओढ मागच्या चाकांवर येत असल्यामुळे हलका ट्रॅक्टरही जड काम करून जातो.

जमेची बाजू: कमी जागेत वळतो, लहान वावरात आणि बागेत सोयीचा. पर्किन्स-सिम्पसन इंजिन ओळखणारे मेकॅनिक खूप.

पडती बाजू: हलकेपणाच उलटतो. ओल्या काळ्या जमिनीत चाकं घसरतात. जड ट्रॉली ओढताना पुढचं तोंड उचलतं. त्यासाठी पुढे वजनं लावावी लागतात.

आयशर: पाणी नको, पण कान सांभाळा

जुन्या आयशरचं वैशिष्ट्य म्हणजे हवेवर थंड होणारं एक सिलिंडरचं इंजिन, ताकद २५ एचपीच्या आसपास. रेडिएटरच नाही. त्यामुळे पाणी आटणं, होज फुटणं, पंप गळणं ही कटकटच नाही. पाणीटंचाईच्या भागात ही मोठी गोष्ट होती. एकच पिस्टन, एकच नोझल, म्हणजे इंजिन बांधायचा खर्चही कमी.

पडती बाजू: एक सिलिंडर म्हणजे थरथर आणि आवाज. दिवसभर नांगरट केली तर संध्याकाळी कमरेला आणि कानांना ते जाणवतं. शिवाय सिलिंडरवरच्या पात्यांमध्ये धूळ, भुसा आणि तेल साचलं, की इंजिन गुपचूप तापतं. पाणी उकळल्याची वाफ दिसते, इथे तसं काही दिसत नाही. मळणीवर चालवत असाल तर ती पातं न् पातं साफ ठेवावी लागतात.

एचएमटी झेटर २५११: घड्याळवाल्या कंपनीचा ट्रॅक्टर

हातावरच्या घड्याळांमुळे ओळखली जाणारी एचएमटी १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला ट्रॅक्टरही बनवत होती. तंत्र चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं. २५११ मध्ये दोन सिलिंडर, २५ एचपी.

जमेची बाजू: भरभक्कम बांधणी. ताकदीच्या मानानं वजन चांगलं, त्यामुळे पकड चांगली.

पडती बाजू: कंपनीचं ट्रॅक्टर उत्पादनच राहिलं नाही. पिंजोरचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता सुटे भाग मिळतात ते खासगी बाजारातून किंवा भंगारातल्या दुसऱ्या ट्रॅक्टरमधून. ट्रॅक्टर चांगला असूनही मागे कंपनी नसेल तर काय होतं, याचं हे उदाहरण.

स्वराज ७२४: आपला स्वतःचा

वरचे सगळे ट्रॅक्टर परदेशी डिझाइनवर उभे होते. स्वराजचं डिझाइन मात्र दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत तयार झालं आणि १९७४ मध्ये पंजाब ट्रॅक्टर्सनं तो बाजारात आणला. ताकद २६.५ एचपी. इंजिन किर्लोस्करचं, म्हणजे यातही महाराष्ट्र आहेच.

जमेची बाजू: सरळसोट रचना. विहिरीवरच्या पंपांमुळे किर्लोस्करचं इंजिन गावोगावच्या मेकॅनिकांच्या हातातलं होतं. पुढे २००७ मध्ये महिंद्रानं पंजाब ट्रॅक्टर्स विकत घेतली, पण स्वराज हे नाव चालू ठेवलं. त्यामुळे ब्रँडमागे आजही कंपनी उभी आहे.

पडती बाजू: ताकद कमी. विदर्भ-मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीत खोल नांगरट करायची तर तो धापा टाकतो. पेरणी, कोळपणी, फवारणी, हलकी वाहतूक ही त्याची कामं.

फोर्ड ३०००: ताकद हवी त्याच्यासाठी

एस्कॉर्ट्सनं फोर्डसोबत १९७१ मध्ये हा ट्रॅक्टर आणला. तीन सिलिंडर, आठ पुढचे गिअर, ताकद ४५ एचपीच्या घरात. पुढच्या ३६०० या मॉडेलचे चाहते आजही आहेत.

जमेची बाजू: त्या पिढीत भारी जमिनीला आणि पलटी नांगराला पुरून उरणारा. डायरेक्ट इंजेक्शनमुळे पटकन चालू होतो.

पडती बाजू: मोठं इंजिन छोट्या कामाला लावलं की डिझेलचा हिशोब बिघडतो. फोर्डनं १९९१ मध्ये ट्रॅक्टरचा धंदा फियाटकडे दिला आणि एस्कॉर्ट्सची मॉडेल्स पुढे 'फार्मट्रॅक' नावानं आली. त्यामुळे कोणता भाग कशाला बसतो, हे जाणकार मेकॅनिकला विचारूनच घ्यावं.

सगळ्यांची समान ताकद कोणती?

ते उघडून दुरुस्त करता येतात. डिझेल पंप यांत्रिक, वायरिंग मोजकं, सेन्सर नाही. बॅटरी बसली तर उतारावर ढकलून चालू होतात. गावातला मेकॅनिक पान्ह्यांच्या संचावर इंजिन खोलून लायनर-पिस्टन बदलू शकतो. काम अडत नाही, हीच त्यांची खरी किंमत.

पण 'जुने सगळेच टिकाऊ होते' हा निष्कर्ष घाईचा आहे. रीलमध्ये दिसतात ते टिकलेले ट्रॅक्टर. जे टिकले नाहीत, ते कधीच भंगारात वितळले. त्यांचा व्हिडिओ कोण काढणार? शिवाय पन्नास वर्षं चाललेल्या ट्रॅक्टरचं इंजिन किती वेळा बांधलं, गिअर किती वेळा बदलले, हे व्हिडिओत कळत नाही. टिकाऊपणात कारखान्याइतकाच वाटा त्याला सांभाळणाऱ्या हातांचा असतो.

आणि समान कमतरता?

इथे मुद्दा आवडीनिवडीचा राहत नाही.

उलटण्यापासून संरक्षण नाही. स्वीडननं १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली. ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती जागा शिल्लक ठेवणारी ही लोखंडी कमान. त्याच वर्षी भारतात पहिला आयशर बनत होता. पण आपल्याकडच्या त्या पिढीच्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट नव्हती. ओढायचं वजन मागच्या आसाच्या वर बांधलं आणि चाकं अडकली, की ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे पडू शकतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. पुढची चाकं हवेत उचलून दाखवणाऱ्या रील बघताना हे आठवा. साखळी नेहमी खालच्या हुकालाच बांधा.

उघडा पीटीओ. मागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. जुन्या ट्रॅक्टरांवरचं त्याचं कव्हर बहुतेकदा हरवलेलं असतं. उपरणं, ओढणी किंवा साडीचा पदर अडकला तर माणूस ओढला जातो.

एकच क्लच. त्या काळच्या अनेक साध्या मॉडेलमध्ये क्लच दाबला की पीटीओही थांबतो. रोटाव्हेटरला किंवा मळणी यंत्राला हे त्रासाचं. गिअर बदलताना अवजार थांबतं आणि पुन्हा सुरू होताना झटका बसतो.

कोरडे ब्रेक. आजचे बरेचसे ट्रॅक्टर तेलात बुडालेल्या ब्रेकचे असतात. जुन्यांचे ब्रेक कोरडे. भाताच्या चिखलणीत पाणी-चिखल आत गेला की पकड कमी होते. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या मागे लावून घाट उतरण्यासाठी ते बनलेलेच नव्हते.

शरीराची झीज. पॉवर स्टीअरिंग नाही, सीट साधी, आवाज मोठा. वीस वर्षं चालवणाऱ्याच्या पाठीला आणि कानांना याची किंमत मोजावी लागते. ट्रॅक्टरच्या खर्चाच्या हिशोबात ती कधी धरली जात नाही.

'नवीन म्हणजे नुसते सेन्सर' हे खरं आहे का?

अर्धंच. प्रदूषणाचा ट्रेम-४ टप्पा १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना लागू झाला. त्या गटात इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं आहे. ५० एचपीच्या आतले अनेक ट्रॅक्टर मात्र यांत्रिक पंपावरच विकले गेले आहेत, आणि लहान-मध्यम शेतकरी घेतो ते मुख्यतः याच गटातले. म्हणजे निवड 'लोखंड की कॉम्प्युटर' अशी नाहीच. दहा-बारा वर्षं वापरलेला, तेलातल्या ब्रेकचा आणि दोन क्लचचा साधा ट्रॅक्टर हा मधला मार्ग बऱ्याच घरांसाठी शहाणपणाचा ठरतो.

कोणत्या कामाला कोणता?

• लहान वावर, बाग, आंतरमशागत: मॅसी १०३५ किंवा स्वराज ७२४
• भारी काळी जमीन, खोल नांगरट: फोर्ड ३००० किंवा ३६००
• मिश्र काम, अधूनमधून ट्रॉली: बी-२७५
• कमी पाण्याचा भाग, हलकं काम, मर्यादित खर्च: जुना आयशर
• एचएमटी: जवळ जाणकार मेकॅनिक आणि भागांची सोय असेल तरच
• घाटातली जड ऊस वाहतूक: यातला एकही नको

घेण्याआधी काय तपासाल?

१. इंजिन थंड असतानाच चालू करायला सांगा. तुम्ही पोहोचण्याआधीच तापवून ठेवलं असेल तर शंका घ्या.
२. धूर बघा. सतत निळा म्हणजे ऑइल जळतंय. फार काळा म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. तापल्यावरही पांढरा म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय.
३. ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधी दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय.
४. अवजार वर उचलून इंजिन बंद करा आणि काही मिनिटं थांबा. ते झरझर खाली आलं तर हायड्रोलिकचं काम निघणार.
५. प्रत्येक गिअरमध्ये लोड देऊन चालवा. गिअर निसटत असेल तर खर्च मोठा.
६. दोन्ही ब्रेक वेगवेगळे आणि मग एकत्र दाबून बघा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाता कामा नये.
७. टायरची किंमत आधीच विचारून ठेवा. मागचे दोन्ही टायर बदलायचे असतील तर स्वस्त सौदा महाग होतो.

'एचपी' या आकड्यावर भाळू नका. इंजिनाची ताकद आणि पीटीओला मिळणारी ताकद वेगळी असते. अवजार चालतं ते दुसऱ्यावर. मध्य प्रदेशातल्या बुदनीची केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांची चाचणी घेते. तिच्या अहवालात पीटीओची ताकद आणि डिझेलचा खप दोन्ही दिलेले असतात.

कागदपत्रांचं काय?

शेतीचा ट्रॅक्टर नियमांनुसार बिगर-वाहतूक वाहन आहे. त्याची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. आरसी बुकवरचे चेसिस आणि इंजिन नंबर लोखंडावरच्या नंबरांशी जुळवा. बँकेचा बोजा उतरला आहे का, ते बघा. नुसत्या स्टॅम्पपेपरवर सौदा करू नका. अपघात झाला तर नाव आरसीवर कुणाचं आहे हेच आधी पाहिलं जातं.

'व्हिंटेज' म्हणून वेगळी नंबरप्लेट मिळेल, असंही गृहीत धरू नका. ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये नियम केले, पण ते दुचाकी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत. ट्रॅक्टर त्यात बसत नाही.

मग जुना घ्यावा की नाही?

दुसरा ट्रॅक्टर म्हणून, हलक्या कामासाठी, जवळ मेकॅनिक आणि सामान असेल तर जरूर घ्या. घरात आजोबांच्या काळातला असेल तर विकण्याची घाई करू नका. तो चालू ठेवणं फार महाग नाही. पण घरातला एकुलता एक ट्रॅक्टर म्हणून, रोजच्या जड ओढकामासाठी किंवा उताराच्या रस्त्यांसाठी तो घेऊ नये.

आणि घेतलाच, तर पहिला खर्च रंगावर नको. आधी ब्रेक, मग पीटीओचं कव्हर, मग मागची लोखंडी चौकट आणि तिच्यासोबत सीटबेल्ट. चौकट जाणकाराकडूनच बसवून घ्या, कारण कशीतरी वेल्ड केलेली कमान उलटताना वाकते. या ट्रॅक्टरांचं इंजिन पन्नास वर्षांनीही पुन्हा बांधता येतं. चालवणाऱ्याचं तसं नाही.